हुंकाराचं बिल

समोरचा बोलत असला की मध्येमध्ये "हां" म्हणायचं, ही आमच्या आईची सवय. कुणी बोलतोय आणि आपण गप्प बसायचं हा तिच्या मते शुद्ध माज.

पावसाळ्याची मासेमारीबंदी होती. होडी किनाऱ्यावर ओढलेली, घरात ठणठणाट आणि फोनचं बिल आलेलं. फोन बंद पडून चालणार नव्हतं. वाणगावला दिलेल्या बहिणीला आठवा महिना लागला होता, पहिलंच बाळंतपण, आणि जरा काही दुखलं की ती आईलाच फोन करायची. म्हणून मी पालघरला कामावर गेलेलो असताना आईने परस्पर कंपनीला फोन लावला, नारळी पुनवेपर्यंत मुदत मागायला.

तिकडे माणूस नव्हताच. रेकॉर्ड केलेली एक गोड बाई होती. तिने मुदतवाढीचं शुल्क सांगितलं. आई म्हणाली, "हां." मग आठवण करून देण्याची सेवा, हप्त्यांची सोय, त्या सोयीचा विमा, रोज सकाळी राशिभविष्य. "हां. हां. हां." यंत्राच्या लेखी प्रत्येक हां म्हणजे मंजुरी. शेवटी आईने त्या बाईला "जेवलीस का?" असंही विचारलं. तेवढं मात्र फुकटात झालं.

पुढचं बिल बघून माझं डोकं फिरलं. उशिरा भरायची परवानगी बिलापेक्षा महाग पडली होती. तक्रार केली, तर कंपनीतल्या पोराने मला ते सगळं रेकॉर्डिंगच ऐकवलं.

"सर, मॅडमनी प्रत्येक वेळी होकार दिलाय."

तक्रारीचेही पैसे लावतील या भीतीने मीच घाईघाईने फोन ठेवला आणि आईवर घसरलो.

"फोनवर हां म्हणायचं नाय. हां म्हटलं की पैसे कापतात."

"मंग समोरच्याला कसं कळनार, मी ऐकते का नाय?"

"नाय कळलं तरी चालंल."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बहिणीचा फोन आला. कळा सुरू झाल्यात, गाडीत बसलेय, भीती वाटते, असं ती रडत रडत सांगत होती. आई गप्प. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पदर तोंडावर गच्च दाबलेला.

"आये, हायस ना? बोल ना कायतरी."

आईने पदर जरासा बाजूला केला आणि मला हळूच विचारलं, "या हांचे किती कापतील?"

मी नुसता फोन तिच्या तोंडाजवळ धरला. मग आईने जे हां सुरू केले, ते गाडी दवाखान्याच्या दारात लागेपर्यंत थांबले नाहीत.