जित्याचे पाच, मेल्याचे पंचवीस

बहात्तरच्या आसपास तिसगावच्या बाजारात पडदा टांगून मी फोटो काढायचो, तेव्हा माझे दर दोनच होते. जित्या माणसाला पाच रुपये, मेलेल्याला पंचवीस. जित्याच्या पाचासाठी लोक वांग्यासारखी घासाघीस करत. "निम्माच तर दिसतोय, पाय कुठं हायेत? निम्मेच घ्या की." मेलेल्याच्या पंचवीसला मात्र कुणी हूं की चूं करत नसे. ज्या बापाला हयातीत कुणी धड घोंगडी दिली नाही, त्याला खुर्चीला बांधून, नवा फेटा चढवून पोरं दोन्ही बाजूंना रुबाबात उभी राहत. मीही पंचवीस खिशात घालून घरी येत असे. धंदा करत होतो, कीर्तन नव्हे.

एका बाजारी एक म्हातारी कोंबडी विकून थेट माझ्या स्टुलावर येऊन बसली.

"मढं हलत न्हाई, त्याची पापनी लवत न्हाई. मग त्याचं पंचवीस कशाचं रं?"

मी मागचा पडदा सरळ केला. तिने पाच रुपये हातावर ठेवले.

"ल्योक म्हनत्यात, तुला कशाला फोटू? मी मेले की पळत येतील बघ तुझ्याकडं. आमच्या मालकांना खुर्चीला बांधलं, तर मान सारखी पडत हुती. लई वंगाळ. मला तसं बांधू देऊ नगंस. ह्योच फोटू पोरांस्नी दे."

चार-सहा महिन्यांनी तिचे दोघे लेक सायकलवरून आले. आई पहाटे गेली होती. मी जपून ठेवलेला फोटो पुढे केला. डोक्यावर पदर, नजर रोखलेली.

थोरल्याने तो उलटसुलट पाहिला. "बेस हाय. पन ह्यात आमी कुठं हाय? पावनं काय म्हनतील? खुर्चीतलाच काढा."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "खुर्चीतल्याचा दर वाढलाय. दीडशे."

उभ्या धंद्यात मेलेल्या माणसावर घासाघीस झाली ती तेव्हाच. चाळीस झाले, साठ झाले. मी हटलो नाही. दुसरा फोटोवाला गाठायचा तर पाथर्डीला जावं लागणार, आणि प्रेत दारात. भाऊ बाजूला जाऊन कुजबुजले.

"आन ह्यो केवढ्याला?" थोरल्याने विचारलं.

"फुकट. पैसे तुमच्या आईनं भरलेत."

त्याने पटकन फोटो उचलला, बाहीने काच नसलेला तो कागद पुसला आणि गहिवरून म्हणाला, "मग ह्योच ऱ्हाऊ द्या. आई कशी जिती वाटती ह्यात."