शेवट माहीत असलेला सिनेमा

अमेयचा फोन आला तेव्हा मी मंडईत मेथीच्या जुड्या चाळत उभा होतो. "काका, आई गेली," एवढंच तो म्हणाला. दुपारी हडपसरला त्यांच्या घरी पोहोचलो तर येणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणत होता, "सुटल्या बिचाऱ्या." पाच आठवडे होऊन गेले, ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो. कुमुदवहिनी बिचाऱ्या नव्हत्या. आणि सुटायची तर त्यांना अजिबात घाई नव्हती.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. एकतीस वर्षं सरकारी इस्पितळात परिचारिका होत्या, त्यातली बरीचशी अपघात विभागात. दादा फिल्म क्लबातला. ज्यात कुणी हसत नाही तोच त्याला सिनेमा वाटे. वहिनींना मात्र प्रेमाचे, गमतीचे, मध्ये थोडं रडवून शेवटी सगळ्यांना एका फोटोत उभं करणारे सिनेमे आवडायचे. "ह्यात वास्तव कुठं आहे?" दादा विचारायचा. साडीला पिन लावता लावता वहिनी म्हणायच्या, "वास्तव मी आठ तास बघून आलेय. उरलेलं तुम्ही बघा." आणि सरळ एकट्या सिनेमाला जायच्या. बाईनं एकटीनं सिनेमाला जाणं तेव्हा आमच्या घरात चालत नसे. माझ्या आईनं दोनदा बोलून पाहिलं. तिसऱ्यांदा बोलली नाही.

दादा गेला, पण त्याची खोड माझ्यात उतरली होती. गेली वीस वर्षं मी ह्या पुरवणीत सिनेमांवर लिहितो. परीक्षण छापून आलं की साडेआठच्या आत वहिनींचा फोन ठरलेला. कौतुक कधीच नाही. "भाऊजी, बघताना डुलकी लागली होती का?" अशी सुरुवात. ह्या वर्षी एक सिनेमा आला. नाव मुद्दामच लिहीत नाही. कोर्टाबाहेर टायपिंग करणारी बावन्न वर्षांची घटस्फोटित बाई आणि तिच्या मुलीच्या लग्नाचा स्वयंपाक घेतलेला विधुर केटरर. मेनूवरून भांडणं होतात, मग ओळख वाढते, मग तेच. मी लिहिलं, 'शेवट पहिल्या दहा मिनिटांत कळतो. नाही पाहिला तरी चालेल.'

साडेआठला फोन आला. आवाज खूप बारीक झाला होता. "भाऊजी, पाहिला तर चालेल का, ते नाही लिहिलंत."

पोटातला कॅन्सर तोपर्यंत यकृतात पसरला होता. पुढची केमो त्यांनी स्वतःच नाकारली होती, आणि ती का नाकारली हे डॉक्टरांना डॉक्टरांच्याच भाषेत समजावून सांगितलं होतं. "मला घेऊन चला," त्या म्हणाल्या. अमेय ऐकायलाच तयार नव्हता. "आई, तिथे एसी असतो, माणसं असतात. इन्फेक्शन झालं तर?"

"झालं तर काय, आजारी पडेन?"

सकाळचा खेळ होता. घरापासून रिक्षानं जेमतेम दहा मिनिटं, पण प्रत्येक गतिरोधकाला त्या माझा हात घट्ट धरत होत्या. दारात सुरक्षारक्षकानं पिशवी उघडली. आत मऊ भाताचा डबा. दुसरं काही पोटात टिकतच नव्हतं. "मॅडम, बाहेरचं खाणं चालत नाही."

"बाहेरचं कुठंय? घरचं आहे."

मॅनेजर आला. तरुण होता, नम्र होता, पण धोरण-धोरण करत राहिला. वहिनींनी डोक्यावरचा स्कार्फ सोडला, शांतपणे घडी घातली आणि मला धरायला दिला. त्या बोडक्या डोक्यानं त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "माझंही एक धोरण आहे. दर दोन तासांनी चार घास. तुमचं आणि माझं जमत नसेल तर मी इथं दारातच जेवते, लोक बघतील." तो बाजूला झाला. आत शिरताना मी स्कार्फ पुढे केला. "राहू दे," म्हणाल्या. "अंधारच आहे."

आत आम्ही धरून अकरा माणसं होतो. ती टायपिस्ट केटररला 'बासुंदी नको' म्हणून कायदेशीर नोटीस पाठवते, तिथे वहिनी इतक्या मोठ्यानं हसल्या की पुढच्या रांगेतलं जोडपं वळून बघू लागलं. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना. मी उठायला लागलो तर त्यांनी हातानंच मला खाली बसवलं. मध्यंतरात म्हटलं, "वहिनी, निघू या का? दमलात. पुढचं मी सांगतो, शेवट काही वेगळा नाही."

भाताचा घास हळूहळू गिळून त्या म्हणाल्या, "शेवट तर माझाही सगळ्यांना माहीत आहे, भाऊजी. म्हणून मधलं बघायचंच नाही?"

मी डब्याचं झाकण हातात धरून बसलो.

त्याच संध्याकाळी ताप भरला. चार दिवस इस्पितळात काढावे लागले. अमेय माझ्याशी बोलेना. डॉक्टर म्हणाले, ताप आजाराचाही असू शकतो. असू शकतो, नसूही शकतो. मी त्या आडोशाला उभा राहणार नाही. "काय मिळालं, आई?" त्यानं माझ्यासमोरच विचारलं. सलाइन लावलेला हात त्यांनी त्याच्या हातावर ठेवला. "अडीच तास मी पेशंट नव्हते," म्हणाल्या. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

ताप उतरला, वहिनी घरी आल्या आणि सहाव्या दिवशी गेल्या. दहाव्याला एक नातेवाईक मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाले, "पिक्चरचं खूळ नडलं." तेव्हा मी मान खाली घातली. आज घालत नाही. पुन्हा म्हणाल्या तर पुन्हा नेईन. आणि सिनेमाबद्दल सांगायचं तर, गाणी आजही मला सुमारच वाटतात, नायिकेचा भाऊ असह्य आहे, उत्तरार्ध वीस मिनिटं कापला तर बिघडणार नाही. तरीही बघावा. आनंदानं संपणाऱ्या गोष्टी कमकुवत माणसांसाठी असतात, असं मी वीस वर्षं आडून आडून लिहीत आलो. एकतीस वर्षं मरणाच्या शेजारी नोकरी केलेल्या बाईला त्या हव्या होत्या, आणि ती माझ्याइतकी भित्री नव्हती.

दहाव्यानंतर आठवड्याभरानं अमेयचा फोन आला. "काका, तो पिक्चर अजून आहे का कुठं?" शहरात सकाळचा एकच खेळ उरला होता. आम्ही दोघं गेलो. तो सगळा वेळ गंभीर चेहऱ्यानं बसून होता. बासुंदीच्या नोटिशीला त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "इथं हसली ना?" मी मान हलवली. मग तोही हसला, आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

सिनेमा संपला. दिवे लागले, चार-पाच जण होते ते निघून गेले. पडद्यावर नावांची यादी सरकत होती. मी उठलो, अमेय जागचा हलला नाही. "आई शेवटचं नाव जाईपर्यंत उठायची नाही," तो म्हणाला. "मला लहानपणी लाज वाटायची. ती म्हणायची, आपलं नाव कुणीतरी वाचावं असं प्रत्येकालाच वाटतं रे."

मी परत बसलो. झाडूवाल्या बाई पहिल्या रांगेपाशी आल्या. "साहेब, संपला पिक्चर."

"नाही मावशी," अमेय म्हणाला, "नावं राहिलीत अजून."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि पडद्याकडे बघत त्याही उभ्या राहिल्या.