नारायणच्या नावापुढचं बी.ए.

"काका, बाबा गेले," असं नारायणच्या मुलानं, मंगेशनं फोनवर सांगितलं तेव्हा मी तयारीत होतो. दुखण्याच्या दोन महिन्यांत आम्ही सगळेच होतो. ज्याची तयारी नव्हती तो फोन पाच दिवसांनी आला. तेरवीच्या पत्रिका छापायच्या होत्या. "बाबांच्या नावापुढे बी.ए. कंसात टाकू की नुसतंच?" मी म्हटलं, थांब, मी येतो... आणि यवतमाळहून बाभुळगावची एस.टी. धरली. माझा मित्र नारायण बी.ए. नव्हता, आणि हे आता जगात एकट्या मलाच ठाऊक होतं. निदान माझी तशी समजूत होती.

आमच्याकडे लग्नपत्रिकेत नावापुढे डिग्री छापतात. देवाच्या नावाखालोखाल लोक तीच वाचतात. नारायणचं लग्न मे महिन्यात होतं, शेवटच्या वर्षाचा निकाल जूनमध्ये. मुलीचे वडील यवतमाळच्या कचेरीत हेडक्लार्क, आणि जावई पदवीधर हवा एवढी एकच त्यांची अट. नारायणच्या वडिलांनी निकालाची वाट न पाहता बी.ए. छापून टाकलं. जूनमध्ये इंग्रजी राहिलं. "ऑक्टोबरात काढून टाक. कोणाले समजते?" एवढंच वडील म्हणाले.

नारायण बाभुळगावच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रतवारी करायला लागला. दर ऑक्टोबरात 'नमुने दाखवायला' म्हणून तो यवतमाळला यायचा आणि आमच्या कॉलेजात इंग्रजीच्या पेपरला बसायचा. मी तिथे शिकवत होतो, पर्यवेक्षक म्हणून वर्गात फिरत होतो. पहिल्यांदा त्याच्या बाकाशी थबकलो तर मान वर न करता म्हणाला, "तू मले ओळखत नाही. सही कर अन् पुढं जा." मी सही करून पुढे गेलो. असं आठ-नऊ वर्षं चाललं. मग विद्यापीठानं जुना अभ्यासक्रमच बंद केला. परीक्षा सुटली, धास्ती सुटली नाही. सासुरवाडीत कुणी 'पदवीधर जावई' म्हटलं की हा छताकडे पाहू लागायचा. "हिले समजलं तर म्हणन, फसवून आणली," असं मला एकदाच म्हणाला होता.

अलीकडच्या, कापसाचं काही खरं नसलेल्या वर्षांतली एक सकाळ मला विसरता येत नाही. मी त्याला भेटायला जिनिंगवर गेलो होतो. डॉक्टरेट मिळवलेले एक साहेब तपासणीला आले होते. त्यांनी ओलावा मोजायचं यंत्र एका बैलबंडीतल्या कापसाला वरच्या वर लावलं आणि माल ओला ठरवला. शेतकरी बैल वळवायला लागला. नारायणनं ढिगात खांद्यापर्यंत हात घातला, आतला मूठभर कापूस काढला, दोन अंगठ्यांत धागा ओढून पाहिला. "साहेब, वर दव पडलं आहे. आतला खडखडीत आहे. तुमचं यंत्र थोडं आत जाऊ द्या." यंत्र आत गेलं. साहेब भला माणूस होता, कौतुकानं म्हणाला, "तुमचं शिक्षण काय हो?" यंत्राला न घाबरलेला माझा मित्र पांढरा पडला. "बी.ए.," म्हणाला, आणि त्या दुपारी त्यानं डबा उघडला नाही. माझ्या एम.ए.नं मला पगार दिला, शेजाऱ्यांचा नमस्कार दिला. अक्कल दिली की नाही याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. पण त्या अंगठ्यांत जे होतं ते कोणत्या पेपरला विचारलं असतं?

तर मी बाभुळगावला पोचलो. मंगेश मसुदा घेऊन बसला होता, शेजारी वहिनी. मी घसा साफ केला. "वहिनी, ते बी.ए. जरा..."

"खोडाचंच आहे ते," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, लग्नानंतरच्या पहिल्याच ऑक्टोबरात ह्यांच्या सदऱ्यात हॉलतिकीट सापडलं मले. कापसाचे नमुने दाखवाले हॉलतिकीट कायले लागते?"

मंगेश आमच्या दोघांकडे पाहत राहिला. तो एम.एस्सी. आहे, त्यामुळे समजायला जरा वेळ लागला.

"मग कधी बोलल्या कशा नाही?" मी विचारलं.

"बोलली असती तर शरमेनं पेपरले जाणं सोडलं असतं. मी आपली दर ऑक्टोबरात पेन धुऊन शाई भरून ठेवत गेली. पेन कोण भरते, हे त्यांनी कधी विचारलं नाही." मग म्हणाल्या, "मागच्या महिन्यात त्यांनीच सांगितलं. रडत होते. मी म्हटलं, मले माहीत आहे जी. तर केवढे हसले... त्या दिवशी कितीक दिवसांनी पोळी मागून घेतली."

इतक्या वर्षांत त्या घरात मी प्रथमच पाठ टेकून बसलो. तो हसून गेला होता. मला आणखी काही नको होतं.

"मग नावापुढे काय लिहू?" मंगेशनं विचारलं.

"नाव पुरते," वहिनी म्हणाल्या. त्यांनी कपाटातून एक जुनं शाईचं पेन काढलं, टोपण फिरवलं आणि मसुद्यातल्या बी.ए.वर रेघ ओढली. रेघ कुठेही तुटली नाही. पेन भरलेलं होतं.