माझे पत्र, त्याचा आवाज

अठ्ठ्याहत्तरच्या पोळ्याला, दसऱ्याला आणि दिवाळीला माझी पत्रे वृत्तपत्रात छापून आली. घटनेतला मालमत्तेचा मूलभूत हक्क सरकार काढू पाहत होते; तो मूलभूतच राहावा, हे त्यांतले प्रतिपादन. तिन्ही वेळा जाफराबादच्या बसस्थानकावरच्या बाकापाशी एका अनोळखी गृहस्थाने ती मोठ्याने वाचली. या वाचनाचे दोषी दोघे: त्याला सर्वांआधी अंक देणारा चहावाला आणि तो स्वतः.

तो धोतराच्या सोग्याने चष्मा पुसे, अंक हातभर लांब धरी आणि माझ्या प्रत्येक मुद्द्यापूर्वी क्षणभर थांबे. बस लागली तरी कोणी उठत नसे. उभ्या वकिलीत मला अशी शांतता लाभली नाही.

दिवाळीत एकाने विचारले, "काका, पटलं का तुम्हाला?"

"बिलकुल न्हाई. ज्याला वावरच न्हाई, त्याचा कोणता हक्क राखून राह्यला हा माणूस? पण त्याचं म्हणणं कमजोर करून वाचलं, तर मंग माझं खरं कशावरून?"

मी मागेच उभा होतो. पत्र माझे आहे, हे सांगवले नाही.

त्या गृहस्थाने आपला विरोध स्वतःच्या सहीने छापावा, अशी माझी जाहीर मागणी आहे. तो विरोध मी त्याच बाकापाशी वाचीन. लोक बस सोडून ऐकतात का, ते मला पाहायचे आहे.