कोऱ्या जागेतला वायू

संस्थेच्या प्रमुखांना समोर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'धूमकेतू'. कारण सोपं होतं. येणं क्वचित, आणि आले की मागे होयबांचं शेपूट लांब. हे नाव कुणी ठेवलं ते कुणी सांगत नसे, पण विषय निघाला की सगळे ताईंकडे बघून हसत.

ताई म्हणजे संस्थेत नकाशे करणाऱ्या बाई. नकाशे जमिनीचे नव्हेत, मरणाऱ्या ताऱ्यांनी टाकलेल्या वायूचे. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की अंगावरचे थर फुंकून टाकतो आणि त्यांचं कडं त्याच्याभोवती पसरत जातं. त्याला ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. ग्रहांशी त्याचा काडीचा संबंध नाही. जुन्या काळी कुणाला तो दुर्बिणीतून ग्रहासारखा वाटोळा दिसला आणि नाव चिकटलं ते चिकटलं. ताईंचा जीव त्यातल्या म्हाताऱ्या मेघांवर होता. पसरलेले, फिकट, ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही असे. त्यांच्या कडेला रेणूंचा थंड वायू अजून तग धरून आहे का, हे त्या रेडिओ दुर्बिणीने शोधत.

घरी हे समजावून सांगायचा एकदा प्रयत्न झाला होता.

"म्हणजे गॅस शोधतेस होय?" सासूबाई म्हणाल्या. "मग एवढी लांब कशाला जातेस? तुझे सासरे आहेत की घरात."

सासरे पेपरामागून म्हणाले, "माझा सापडायला दुर्बीण लागत नाही, हे मात्र खरं."

संस्थेतल्या चर्चासत्रांपेक्षा ताईंना ही चर्चा कितीतरी बरी वाटली. निदान कुणी आव तरी आणत नव्हतं.

धूमकेतूंचं सगळं आयुष्यच आव आणण्यात गेलेलं. तरुणपणी त्यांनी एका शोधनिबंधात लिहिलं होतं की म्हाताऱ्या मेघांत रेणू उरत नाहीत. त्या एका वाक्यावर खुर्ची मिळाली, गाडी मिळाली, परदेशाच्या वाऱ्या झाल्या. नवीन असं त्यांनी पुढे काही केलं नाही. करायची गरजच पडली नाही. बोलण्याची एक पद्धत तेवढी पक्की होती. काम जमलं की ते 'आपलं', बिघडलं की 'तुमचं'.

आता थोडं कामाबद्दल. रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या थाळीला मेघापेक्षा मधल्या हवेचाच गोंगाट जास्त ऐकू येतो. म्हणून थाळी आधी मेघाकडे रोखायची, मग शेजारच्या रिकाम्या आभाळाकडे, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. हवा दोन्हीकडे सारखीच, ती निघून जाते. उरतो तो मेघ. या शेजारच्या रिकाम्या आभाळाला संस्थेत 'कोरी जागा' म्हणत. ती मेघापासून किती लांब धरायची हे धूमकेतूंनी ठरवून दिलं होतं, आणि तेही सगळे तरुण, आटोपशीर मेघांवर काम करत त्या काळात. म्हाताऱ्यांनाही तेच माप लावलं गेलं. का, असं कुणी विचारलं नाही. शेपूट विचारत नसतं, हलत असतं.

ताईंच्या आलेखात एक खोड होती. आलेखात आडवा वायूचा वेग मांडलेला असे; वायू असेल तर मेघाच्या वेगापाशी रेषेला उंचवटा यायला हवा. त्यांच्याकडे उलट खळगा यायचा.

"उपकरणाचा दोष," धूमकेतू म्हणत. "इस्त्री मारा त्याला."

इस्त्री म्हणजे संगणकाकडून रेषा सपाट करून घेणं. ताई वर्षानुवर्षं इस्त्री मारत आल्या होत्या. धूमकेतूंबद्दल त्यांना तिरस्कार होता, पण त्या इस्त्रीबद्दल स्वतःचा जो तिरस्कार वाटे तो वेगळाच. तो कुणाला बोलून दाखवता येत नव्हता.

एके दिवशी एका खूप मोठ्या मेघाचे आलेख एकाखाली एक लावताना त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक खळगा नेमका त्या मेघाच्या वेगावर पडतोय. उपकरणाला मेघाचा वेग कसा कळणार? म्हणजे दोष उपकरणाचा नव्हताच. कोरी जागाच कोरी नव्हती. मेघ पसरत पसरत तिथवर गेला होता, आणि त्याचाच वायू त्याच्यातून वजा होत होता.

वेळ मात्र वाईट होती. पुढच्या बैठकीत धूमकेतू म्हाताऱ्या मेघांचं काम बंद करणार होते. एकदा 'रिकामा' असा शिक्का बसला की थाळी पुन्हा त्या बाजूला वळणार नव्हती. ताई त्यांच्या खोलीत गेल्या.

"सर, बैठकीआधी थाळीवर अर्धा दिवस हवाय. कोरी जागा हलवून बघायचीय."

धूमकेतूंनी मागे उभ्या असलेल्यांकडे बघितलं. तिथे हसू तयारच होतं.

"कोरी जागा हलवणार! अहो, उद्या म्हणाल क्षितिज जरा सरकवा."

"सरकवणार नाही. फक्त लांब नेणार."

"बरं. उद्या दुपारी घ्या थाळी. संस्था बघायला पाहुणेही येतायत, त्यांनाही कळू दे आपल्याकडे किती मोकळीक आहे ते. आणि काही निघालं नाही, तर बंद करायचा ठराव तुम्ही मांडायचा."

ताई "हो" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी थाळी चालवणारा ऑपरेटर खुर्ची ओढून बसला. "ताई, कोरी कुठं टाकू?"

"लांब. त्या मेघाला आणखी म्हातारा व्हायला जागा राहील इतकी लांब."

"आणि रोखू कुठं?"

"जुन्या कोऱ्या जागेवर."

"रिकाम्या जागेवर? मग बघायचं काय?"

"ती रिकामी आहे का, ते."

पडद्यावर आधी नुसती खरखर होती. वेळ जाईल तशी ती बसत गेली, आणि मधोमध एक टेंगूळ वर आलं. ऑपरेटरने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. टेंगूळ जागच्या जागी होतं, वाढतच होतं.

तेवढ्यात धूमकेतू शेपटासकट आणि पाहुण्यांसकट आत आले.

"काय दिसतंय?"

"तुमची कोरी जागा, सर."

धूमकेतूंनी पडद्याकडे बघितलं. चेहऱ्यावरचा रंग गेला आणि तितक्याच झटपट परत आला. पाहुण्यांकडे वळून ते म्हणाले, "बघा, आपली ही जुनी शंका होतीच!" शेपूट हललं. इतका निगरगट्ट माणूस जवळून बघायला मिळतो आहे, याचंच ताईंना नवल वाटलं.

काम बंद झालं नाही. नकाशा पुरा झाला. दिसत होतं त्याच्या कितीतरी बाहेरपर्यंत, तुटक तुटक, वायूचं कडं होतं. ताईंनी निबंध लिहून दिला तेव्हा धूमकेतूंनी बोलावून घेतलं. पहिलं नाव अर्थातच त्यांना स्वतःचं हवं होतं. पण दुसऱ्याच पानावर ते अडले.

"'आमची आधीची कोरी जागा चुकली होती.' हे 'आमची' कशाला?"

"चुकली होती म्हणून."

"पण आलेख तुम्ही काढत होतात. 'माझी' लिहा."

"लिहिते. इस्त्री मी मारलीय, नाही म्हणत नाही." ताईंनी पहिलं पान पुन्हा वर घेतलं. "पण वर दोघांची नावं आणि खाली 'माझी', हे कसं जमेल? वाचणारा विचारेल, माझी म्हणजे कुणाची? पहिलं नाव ज्याचं, त्याचीच धरतील ना."

धूमकेतूंनी ती ओळ पुन्हा वाचली. हिशोब चालला होता, तो कपाळावर दिसत होता. मग त्यांनी पेन काढलं आणि वरचं आपलं नाव स्वतःच्या हातानं खोडलं.

"घ्या," ते म्हणाले. "तुमचं."