गुलाबी किक

कवळीवाल्यांनी आयुष्यात मोटारसायकली सात केल्या आणि लग्न एक. यांपैकी जास्त लाड कोणाचे झाले, हे त्यांच्या बायकोसमोर विचारायची सोय नव्हती.

धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, हे कवळ्या करून द्यायचे. घराच्या पुढच्या खोलीत कामाचं टेबल, टेबलावर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि टेबलापलीकडे, जिथे चारचौघांच्या घरात सोफा असतो तिथे, मोटारसायकल. हे घर त्यांनी पसंत केलं तेच मुळी दाराला पायरी नव्हती म्हणून. स्वयंपाकघर केवढं आहे, हे त्यांनी सामान आणल्यावर पाहिलं.

पहिल्या सहा गाड्या आल्या तशा गेल्या. सातवी मात्र छत्तीस वर्षं टिकली. काळीभोर, वजनाला दणकट आणि स्वभावाला तिरसट. तिचे सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले, तेव्हा कवळीवाले ते कवळीच्या मालातून घडवू लागले. त्यामुळे चोकची मूठ, एका आरशाची टोपी आणि किकवरचं आवरण हे सगळं हिरड्यांसारखं गुलाबी होतं. किकचं आवरण तर त्यांनी स्वतःच्या पावलाचं रीतसर माप घेऊन बनवलं होतं. एकदा पुड्यांची अदलाबदल झाली आणि डॉक्टरांकडे चोकची मूठ गेली. एका आजींची खालची कवळी आठ दिवस गाडीच्या डब्यात गावभर हिंडत होती. शेवटी डॉक्टरांचा फोन आला, "अहो, हे नक्की कुठल्या दाढेच्या जागी बसवायचं?"

मागे बसण्याचे नियम होते आणि ते बायकोसाठी होते. वळणावर कलायचं नाही. पिशवी मांडीवर ठेवायची. चढावर बोलायचं नाही, कारण चढावर इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो. आणि किकला हात काय, पायसुद्धा कोणी लावायचा नाही. ते किक मारत तेव्हा बायको पिशवी धरून बाजूला उभी राहायची. मुलीच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या वाटेवर गाडी बंद पडली. यांनी प्लग काढला, पुसला, फुंकला. रस्त्याच्या कठड्यावर बसून कळा सोसणारी बायको म्हणाली, "अहो, पेट्रोलचा कॉक." कॉक बंद होता. पुढे ही हकीकत सांगताना, प्लग पुसला म्हणून गाडी चालू झाली, असंच ते सांगत.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण सहासष्टाव्या वर्षी किक उलटली आणि गुडघा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी किक जन्मभर बंद केली.

"पण चालवायला हरकत नाही ना?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"चालवा की. पण आधी चालू कोण करणार?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

ढकलून चालू करावी तर तेवढी गाडी ढकलणार कोण? मुलगी म्हणाली, "बाबा, बटणाची घ्या ना एखादी." ते म्हणाले, "बटणाने मिक्सर चालू करतात." त्यानंतर आठ महिने गाडी नुसती उभी होती. सकाळी ते तिला पुसायचे आणि मग दिवसभर तिच्याकडे पाठ करून दात घासत बसायचे, म्हणजे लोकांचे.

अखेर मुलीनेच गिऱ्हाईक शोधलं. एक तरुण कॉफीचं दुकान काढत होता आणि त्याला दुकानाच्या मधोमध जुनी मोटारसायकल मांडायची होती. फोनवर तो फार गोड बोलला. "काका, चालू नसली तरी चालेल," तो म्हणाला. हे वाक्य कवळीवाल्यांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मुलीला वाईट वाटलं, पण ती बापाचीच लेक. "रविवारपर्यंत घरातल्या कोणी किक मारून चालू केली, तर राहू दे. नाहीतर जाऊ दे. कबूल?"

"कबूल," ते म्हणाले, कारण जावई त्यांच्या डोळ्यांसमोर होता. जावई विम्याच्या कचेरीत होता, स्कूटर बटणाची चालवायचा आणि सासऱ्यांना नाही म्हणणं त्याला जमत नसे. आठवडाभर संध्याकाळी त्याचा वर्ग भरला. इंजिनाच्या आत काय चालतं ते कवळीवाले प्लॅस्टरचा जबडा हातात धरून दाखवायचे. "हा मिटला. आता दाब आहे, आता मारलीस तर तुझा गुडघा माझ्या गुडघ्याच्या पंगतीला बसेल. हा बघ, नुकताच उघडायला लागला. हँडलजवळच्या मीटरचा हा काटा मधोमध आला की हीच वेळ. कळलं?" जावई मान हलवायचा. बायको कोबी चिरत आतून ऐकायची आणि काही बोलायची नाही.

रविवारी तो तरुण मोजपट्टी घेऊनच आला. दारंखिडक्या सताड उघडल्या. गाडी बाहेर काढायला कवळीवाल्यांनी नकार दिला. बाहेर काढली की ती गेलीच, असं त्यांना वाटत होतं. जावयाने चौदा किका मारल्या. सहाव्या किकेला बूट उडून टेबलावरच्या जबड्यांत जाऊन पडला. चौदावीनंतर तो जमिनीवर बसला आणि म्हणाला, "बाबा, माफ करा." कवळीवाल्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण त्यांना त्याच्याकडे बघवेना.

"राहू द्या हो, कशाला त्रास," तरुण म्हणाला. तो मनाने वाईट नव्हता. पट्टीने गाडीची लांबी मोजता मोजता तो मुलीला सांगत होता, "इथे हँडलला दिवे सोडीन. आणि ही मागची सीट छान रुंद आहे, हिच्यावर एक मोठी कुंडी ठेवीन."

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"कुंडी कुठे ठेवणार म्हणालात?"

"मागच्या सीटवर, काकू."

"तिथे मी बसते," ती म्हणाली. "सरका."

कोणाला काही कळायच्या आत तिने साडी खोचली, पेट्रोलचा कॉक उघडला, गुलाबी मूठ ओढली आणि किकवर पाय ठेवून सावकाश, भार न देता काटा मधोमध आणला. मग एक श्वास घेतला आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. एकच किक. गाडी अशी दणाणली की टेबलावरचे सगळे जबडे कडकडा वाजायला लागले. धूर निघाला, मुलगी ओरडली, जावई टाळ्या वाजवत उठला. तरुणाने पट्टी गुंडाळून खिशात ठेवली.

कवळीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं, असं ते मागाहून म्हणाले.

सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "अगं, तुला हे येत होतं?"

"छत्तीस वर्षं पिशवी धरून बाजूला उभी आहे. काट्याकडे बघण्यावाचून मला दुसरं काम काय होतं?"

"मग आठवडाभर बोलली का नाहीस?"

"तुम्ही जावयाला विचारलंत. मला कुठे विचारलंत?" ती पाय चोळत म्हणाली. "आणि ते तुमच्या पावलाचं आवरण टोचतं मला."

त्यांनी मापाचा माल कालवला, खुर्ची ओढली आणि बायकोचं पाऊल हातात घेतलं. गावातली निम्मी तोंडं त्यांनी मापली होती; हे पाऊल इतक्या जवळून ते पहिल्यांदाच बघत होते. टाचेला भेगा होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली. बुधवारपर्यंत नवं गुलाबी आवरण तयार झालं. ते बसवून त्यांनी सवयीने विचारलं, "बघ, कुठे टोचतंय का?"

"नाही," ती म्हणाली आणि किक मारली. मग पिशवी घेऊन मागे बसली. "चालवा तुम्हीच. मला मागेच आवडतं. पण चढावर मी बोलणार."

पाण्याच्या टाकीकडचा चढ लागला आणि ती बोलायला लागली, ती वरपर्यंत बोलतच होती. इंजिनाचा आवाज कवळीवाल्यांना धड ऐकू येत नव्हता. त्यांनी गाडी आणखी हळू केली.