चिनी मंडळाचा दुसरा सभासद

आमच्या व्याह्यांइतका चीन कळलेला माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात झाला नाही, आणि ते स्वतः पुण्याच्या पलीकडं कधी गेले नव्हते. माझी कमल त्यांच्या घरात दिलेली, कुरकुंभला. त्यामुळं त्यांच्या चिनी औषधांना बाकीचे हसायचे आणि मी धास्तावायचो.

औषधाच्या कारखान्यात पावडर खात्यात त्यांनी बावीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर टपालानं चिनी जडीबुटीचा हिंदी कोर्स केला आणि लाल शिक्क्याचं सर्टिफिकेट काच लावून देव्हाऱ्याच्या वर टांगलं. पण कारखाना काही अंगातनं गेला नाही. काढा उकळायला ठेवायचा तो भोंगा वाजला की, आणि घ्यायचा कसा, तर 'फर्स्ट शिफ्टला एक वाटी, सेकंडला एक.' दारात आलेल्याला पाणी नंतर, आधी जीभ दाखवायची. नातवाच्या बारशाला आमची माणसं टेम्पोतनं उतरली, तर हे दारात उभे राहून एकेकाची जीभ बघून आत सोडत होते. माझी थोरली बहीण अडून बसली. म्हणाली, "जीभ काढाया मी काय कालीमाता हाय व्हय?"

"आक्का," हे गंभीरपणे म्हणाले, "जीभ म्हंजी मानसाचा गेटपास हाय."

सन दोन हजारच्या आसपास त्यांनी शिरूर-दौंडसाठी चिनी औषधवाल्यांचं मंडळ काढलं. सभासद कोणी व्हावं याचे नियम टाईप करून आणले. दहावी पास पाहिजे, सर्टिफिकेट पाहिजे, त्यावर शिक्का पाहिजे. आमच्या तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात ज्येष्ठमध विकणारा आला, त्याला परत पाठवला. हाडं बसवणारा आला, त्यालाही. मग मी गेलो. आमच्या घराण्यात मेंढरं होती तोवर माणसाला नि मेंढराला झाडपाला आम्हीच द्यायचो. मी आपला सरळ फॉर्म मागितला.

"पाव्हणं, शाळा किती?"

"चौथी. तीबी पुरी न्हाई."

"मग न्हाई जमायचं. नियम म्हंजी नियम."

"ऱ्हाऊ द्या. मला तरी कुठं चिनी व्हायचंय?" असं म्हणून मी उठलो. चहाही घेतला नाही. गावात मात्र मी आधीच सांगून ठेवलं होतं की मंडळात पहिलं नाव माझं. सहा महिने मी बाजाराच्या दिवशी आडवाटेनं जायचो.

पुढं कमलची कंबर धरली. कळलं तसा राग गिळून जीपनं कुरकुंभ गाठलं. बघतो तर चुलीजवळ मुंबईहून आलेलं पाकीट फोडलेलं, त्यावर नुसती चिनी अक्षरं, आत वाळल्या मुळाच्या चकत्या. कमलच्या हातात काढ्याची भरलेली वाटी, अजून तोंडाला न लावलेली. का कोण जाणे, मी एक चकती उचलून जिभेच्या शेंड्याला लावली. आधी झिणझिण्या आल्या, मग शेंडा बधिर झाला. माझ्या बापानं लहानपणी विषारी बचनाग असाच जिभेला टेकवला होता आणि थुंकायला लावून सांगितलं होतं, ही चव जन्मात विसरायची नाही.

मी थुंकलो. "कमळे, वाटी खाली ठेव!"

"आबा, मामांनी दिलंय."

"ठेव म्हणतो ना! बचनाग हाय त्यो!"

व्याही उसळले. "पाव्हणं, पाकिटावर शिक्का हाय!"

"शिक्का चाटून बघितला का?"

तशी त्यांनीही चकती जिभेवर ठेवली. डोळे मिटून बराच वेळ उभे. मी ओरडलो तेव्हा थुंकले. म्हणाले, "मला कायच लागंना."

"कसं लागंना?"

ते हळूच बोलले, "मला मीठबी लागत न्हाई, पाव्हणं. पावडरीनं नाक गेलं, तोंड गेलं. कुनाला बोललो न्हाई."

साऱ्या गावाच्या जिभा तपासणाऱ्या माणसाची स्वतःची जीभ मेलेली. कमलनं पटापट चुळा भरायला पाणी दिलं. व्याह्यांना दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली, ती येईपर्यंत मी त्यांचं मनगट धरून बसलो. नाडी बघताना ते ठेवायचे तशीच तीन बोटं ठेवली. नाडीतलं मला काही कळत नव्हतं. ती चालते आहे एवढं बघायचं होतं. डॉक्टरांनी चार तास ठेवून सोडलं. घरी आल्यावर वाटी आणि पाकीट व्याह्यांनी स्वतःच्या हातानं खड्ड्यात पुरलं.

आठ दिवसांनी माझ्याकडं टपालानं फॉर्म आला, भरलेलाच. शिक्षणापुढं 'चौथी' लिहिलं होतं. पात्रतेपुढं त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'चाखतात आणि थुंकतात.' खाली शिक्का.

त्यानंतर त्यांचं प्रत्येक पाकीट आधी तळेगावला यायचं, मग फुटायचं. तिसरा सभासद काही मिळाला नाही. आता व्याही जाऊनही बरीच वर्षं झाली. फॉर्म ट्रंकेत आहे. सकाळी चूळ भरल्यावर मी आरशापुढं जीभ काढून बघतो. चांगली लाल आहे अजून. पण दाखवायची कुणाला?